आज का नाही

आये,

बाबा आहेत. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे काही लिहिणार आहे ते ह्या दोन शब्दांबद्दलच आहे.

तू गेलीस तेव्हा आपण चाळीत होतो. ती चाळ आता नाही. तिच्या जागी एक उंच, पांढरा, आपण कुणाचं काही बिघडवलं नाही अशा चेहऱ्याचा टॉवर उभा आहे. पुढच्या बाजूला विकत घेणारे राहतात आणि मागच्या बाजूला आपण, मूळचे रहिवासी. त्यांचं गेट वेगळं, आपलं वेगळं. त्यांच्या लिफ्टमध्ये गाणी लागतात, आपल्या लिफ्टमध्ये सूचना लावलेल्या असतात. माझं संसाराचं काही जमलं नाही हे तू असतानाच तुला कळलं होतं, त्यामुळे मी परत आले ह्याचं तुला नवल वाटायचं नाही. बाबा आणि मी असे दोघंच इथे वर राहतो, इतक्या वर की लालबागचा मसाला कुटतात त्याचा वाससुद्धा पोचत नाही. बाबांना स्वतःची खोली आहे. आयुष्यात पहिल्यांदा. तिला दार आहे, आणि दाराला आतून कडी होती. होती म्हणते, कारण पावसाळ्यानंतर मी सुताराला बोलावून ती काढून घेतली. खिडकीला जाळी बसवली. सुताराला सांगितलं, कडी अडकते, जाळी कबुतरांसाठी. तो म्हणाला, "ताई, कबुतरं एवढ्या वर येत नाहीत." मी म्हटलं, "आमच्याकडची येतात."

झालं असं की एका रविवारी आम्ही जेवत होतो. बांगड्याचं तिखलं केलं होतं, तुझ्यासारखं नाही, पण नाव तेच. बाबांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि मीठ मागावं तसं म्हणाले, "आता मरावंसं वाटतं गो." मी मान वर केली नाही. ह्या वयात सगळेच म्हणतात. तर ते पुढे म्हणाले, "म्हणजे यायचं तेव्हा येईल, तसं नव्हे. आपणच आटपावं, असं."

तुला ठाऊक आहे मी काय करते. दर आठवड्याला पेपरात लोकांची टर उडवते, आणि लोक मला लग्नाकार्यात ओळखून म्हणतात, तुम्ही फारच बाई हसवता. तर मी सवयीने म्हटलं, "मागच्या बाजूवाल्यांना त्यासाठी सोसायटीची एनओसी लागते." बाबा हसले नाहीत. ते माझ्या विनोदांना कधीच हसत नाहीत, त्याचं मला काही नाही. पण ते त्यात खोट काढतात. "ह्यात दम नाही." "हे लांबवलंस." "हे गेल्या महिन्यात एकदा लिहून झालंय." इतक्या वर्षांत माझा एक लेख, एक वाक्य त्यांच्या हातून सुटलेलं नाही. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. ताटात हात धुतला आणि उठले. तेव्हा मला भीती वाटली, आये. मरावंसं वाटतं म्हणाले तेव्हा वाटली नव्हती, तेवढी.

कारण खोट काढणं हा बाबांचा स्वभाव आहे असं बाकीचे म्हणतात, पण तुला आणि मला माहीत आहे की तो त्यांचा धंदा होता. मिलच्या फोल्डिंग खात्यात ते कापड तपासायचे. विणून साच्यावरून उतरलेलं कापड त्यांच्या तिरक्या टेबलावरून उजेडात सरकत जायचं, आणि कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे वीण विरळ, असं दिसलं की ते किनारीला लाल दोरा बांधायचे. मग त्या साचेवाल्याला बोलावणं जायचं. त्यामुळे चाळीत आपल्याला मान होता आणि मित्र नव्हते. दिवाळीला नवीन कपडे घालून मुलं सगळ्यांच्या पाया पडत फिरायची, ती आपल्या दाराशी आली की हळू व्हायची. बाबा आशीर्वाद द्यायच्या आधी बाही चिमटीत धरून बघायचे. लग्नातल्या नवरीच्या पदराला हात लावून "धुतल्यावर आटेल" असं तिच्या सासूला सांगणारा माणूस सगळ्या परळ-लालबागमध्ये दुसरा नसेल. तू कपाळाला हात लावायचीस. म्हणायचीस, "ह्यांका स्वर्गात घेतलानी तरी हे देवाच्या पितांबराक दोरो बांधतले."

असा माणूस गप्प झाला. मी त्याला माणसांत न्यायचं ठरवलं, कारण माणसांत न्या असं सगळे सांगतात. आमच्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये ज्येष्ठांसाठी कार्यक्रम होता. मागच्या बाजूच्या ज्येष्ठांनाही त्या दिवसापुरतं पुढच्या गेटने सोडणार होते, तेव्हा मोठाच मान. एक बाई आल्या होत्या, इस्त्री केलेल्या आवाजाच्या. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाल्या, "आपल्या प्रत्येकाच्या आत एक शक्ती असते, ती ओळखायची. कृतज्ञता! क्षमा! आशा!" प्रत्येक शब्दाला एक टाळी. मग त्यांनी एकेकाला विचारलं, तुमची शक्ती कोणती? पुढच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, क्षमा; त्यांनी आमच्या लोकांच्या पार्किंगविरुद्ध केस घातलेली आहे. एक आजी म्हणाल्या, नातवंडं. बाई म्हणाल्या, छान, पण ती बाहेरची झाली, आतली सांगा. आजी बिचाऱ्या ओशाळून खाली बसल्या. बाबांची पाळी आली. पूर्वीचे बाबा असते तर त्या बाईंच्या साडीच्या फॉलपासून सुरुवात केली असती. हे नुसते म्हणाले, "माझ्याकडे काही नाही." आणि बाईंनी टाळी वाजवून सांगितलं, "असं नाही म्हणायचं!"

मी त्या संध्याकाळी त्यावर लेख लिहिला. चांगला झाला होता. छापला नाही, कारण बाबांचं वाक्य त्यातून काढलं की त्यात काही उरत नव्हतं, आणि ते ठेवलं तर तो विनोदी लेख राहत नव्हता.

तेव्हापासून तुझी आठवण येऊ लागली. एरवी येत नाही असं नाही, पण एरवी तू येतेस ती भांडत येतेस, आणि आता तू येत होतीस ती त्या एका वर्षातली. दादा काविळीने गेला ते वर्ष. मिल बंद होऊन गेटला कुलूप लागलं तेही तेच. घरातला एक जण नाहीसा झाला आणि दुसरा दिवसभर घरात दिसू लागला, आणि ह्या दोन्हींची सवय आपल्याला एकदमच करून घ्यायची होती. बाबा गॅलरीत स्टुलावर बसायचे, मिलच्या बंद चिमणीकडे तोंड करून. हात मांडीवर पालथे. मी शाळेतून आले की आधी त्या हातांकडे बघायची. आणि तू दादरला जाऊन कापड आणायचीस. कटपीसच्या दुकानातून. कधी उशीचे अभ्रे, कधी परकराला, कधी माझ्या फ्रॉकला. बाबा ते हातात घेऊन उठायचे, दारातल्या उजेडाशी जायचे, आणि मग सुरू व्हायचे. ही वीण बघ. ही किनार बघ. हे कुणी गळ्यात मारलं तुझ्या? परत कर. तू कमरेला पदर खोचून परत जायचीस. एकदा मलाही नेलं होतंस. दुकानदाराने तुला येताना पाहिलं आणि पोऱ्याला म्हणाला, "पाणी आण, ताई आल्या." तू कापड गल्ल्यावर आपटलंस. "डोळे आसत की बटणां? ह्या कापाड म्हणतास?" तो म्हणाला, "ताई, अख्खी मुंबई हेच कापड नेते." तू म्हणालीस, "मुंबईक माझ्या घोवासारखो घोव नाय!" दुकानातले सगळे हसले, तूही हसलीस, आणि तेव्हा मला जाणवलं की दादा गेल्यापासून मी तुला हसताना बघितलंच नव्हतं.

घरी येताना मी विचारलं, तू आधीच नीट बघून का घेत नाहीस? तू मोरीशी पाय धुवायला थांबली होतीस. गॅलरीत बाबा होते म्हणून तू आवाज खाली घेतलास. "त्यांच्या हाताक काय तरी काम होया. नायतर तो माणूस सुकान जायत. म्हणान मी मुद्दाम वायट कापड आणतंय. बाबांक सांगितलंस तर बघ हां." मी कुणाला सांगितलं नाही. एवढंच काय, माझ्या मनात तुझं चित्र कायमचं तेच राहिलं. खचलेल्या नवऱ्याला नासक्या कापडावर जगवणारी बाई. आणि आता मी विचार करायची, आये असती तर ह्या वेळी काय आणलं असतंन?

मी काही आणू शकले नाही. म्हणून डॉक्टरकडे नेलं, परळलाच. तिथली डॉक्टर पोरगी होती, तुला नात असती तर तिच्या वयाची. मी बाबांना बाहेर बसवून तिला कुजबुजत सांगू लागले, की जरा उदास असतात, जेवण कमी झालंय, वगैरे. तिने बाबांना आत बोलावलं, माझ्याकडे पाठ केली आणि त्यांना सरळ विचारलं, "आजोबा, आयुष्य संपवावं असं मनात येतं का?"

मी खुर्चीवरून उठलेच. माझी समजूत अशी की ते शब्द उच्चारायचे नसतात. बाबांनी मात्र माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी अखेर नीट प्रश्न विचारला, अशा चेहऱ्याने म्हणाले, "येतं."

"आजही आलं?"

"सकाळी आलं."

"मग आज का नाही?"

हा प्रश्न तिने अगदी साधेपणाने विचारला, आये. जसं आज बाजारात का गेला नाहीत. बाहेर केसपेपरच्या रांगेत कुणीतरी भांडत होतं. मी मनात प्रार्थना करत होते की त्यांनी माझं नाव घ्यावं. मुलगी आहे ना मागे, असं काहीतरी. पण बाबा म्हणाले, "समोरच्या बाईने पडदा उलटा लावलाय."

पोरगी हसली नाही. हसली असती तर मी तिला माफ केलं असतं. तिने विचारलं, "कोणता पडदा?" मग बाबांनी हातांनी दाखवलं. आपली बिल्डिंग काटकोनात वळते, तिथे समोर एक खिडकी येते. तिथे नवीन बिऱ्हाड आलंय. पडदा चांगल्या कापडाचा असावा, पण सरळ बाजू आत गेली आहे. बाहेरून सगळी उलटी बाजू दिसते. रोज दिसते.

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"ओळख नाही."

"सांगा. पुढच्या खेपेला मला ऐकायचंय त्या काय म्हणाल्या."

तिने गोळ्या दिल्या, त्या माझ्या कपाटात ठेवायला सांगितल्या. मन फारच तिकडे ओढलं तर बाबांनी मला सांगायचं आणि मी तिला फोन करायचा, वेळकाळ बघायची नाही, हे दोघांकडून कबूल करून घेतलं. मला म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी विचारत जा." काय विचारू, म्हटलं. "मी विचारलं तेच. विचारल्याने तो विचार येत नाही हो. आलेला असला तर त्याला बसायला जागा मिळते, एवढंच." बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "पोरगी बरी आहे. कोटाची बाही मात्र आखूड शिवलीय." त्या गर्दीत मी तोंड फिरवून डोळे पुसले. इतक्या महिन्यांनी त्यांना काहीतरी आखूड दिसलं होतं.

आता पडद्याचं ऐक. मी बरोबर गेले, पण दारात मागे उभी राहिले. दार उघडलं त्या बाई म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवतात, नुकत्याच घरी आल्या होत्या, खांद्याला पर्स तशीच. बाबा म्हणाले, "मी समोरच्या खिडकीतला."

"हो काका, दिसता ना रोज. या की."

"तुमचा पडदा उलटा लागलाय."

"उलटा?"

"सरळ बाजू आत गेलीय. बाहेरून बघा."

त्या बाई गोंधळल्या, मग त्यांना उलगडा झाला. "काका, सरळ बाजू आतच असते की. घरात आम्ही बघतो ना. बाहेरून कोण बघतंय?"

"मी बघतो."

"हो, तुम्ही बघता," त्या हसू दाबत म्हणाल्या. "पण पडदा असतो घरातल्यांसाठी. सगळ्यांचाच असा असतो."

बाबा दारातच थांबले. मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं की ते आपल्या खोलीचा विचार करताहेत. आपल्याकडे पडदा कधी होता? एक दोरी होती आणि तिच्यावर तुझं जुनं लुगडं, आणि त्याची सरळ बाजू तू दाराकडे करायचीस, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. मिलमध्ये तर सरळ बाजू व्यापाऱ्याची. सगळा जन्म कापडात काढलेल्या माणसाला हे ठाऊकच नव्हतं की कापडाची चांगली बाजू कधी कधी घरातल्या माणसांसाठीही ठेवतात. "चुकलं माझं," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी फिरवू का?" "नको, नको." तोवर ते आत शिरलेही होते आणि पडद्याची खालची दुमड त्यांच्या चिमटीत होती. "पण हे शिवणाऱ्याने धाग्यात काटकसर केलीय. दिवाळीपर्यंत सुटेल."

"बघा! मी त्या मेल्याला तेव्हाच म्हटलं होतं!"

मग चहा झाला. बाबा बिस्कीट बुडवून खात होते आणि बाई एकेक साडी काढून दाखवत होत्या आणि ते एकेकीची इज्जत काढत होते. मी लेख लिहीत असते तर तो इथेच संपवला असता. शेजारणीच्या चहाने आजोबा बरे झाले, वाचकांचे डोळे ओले. पण तसं होत नाही ना. दुसऱ्या दिवशी बाबा उठले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी विचारलं, आज? ते भिंतीलाच म्हणाले, "आज फार आहे." मी फोन लावला, ती पोरगी म्हणाली, घेऊन या.

तेव्हा तिने विचारलं, पूर्वी कधी असं मनात आलं होतं का. मी मनाशी म्हटलं, हो, आलं होतं, मिल बंद पडली तेव्हा, सांगा आता. बाबा म्हणाले, "मला नाही. हिच्या आईला."

आये, मी तिथेच बसले होते.

ते डॉक्टरलाच सांगत होते, मी खोलीत नसल्यासारखी. की मुलगा गेल्यावर ती जेवायची नाही. केस विंचरायची नाही. एक दिवस म्हणाली, माका आता जगूचा नाय. "मला काय बोलावं कळेना. मला समजूत घालता येत नाही. मला फक्त खोट काढता येते." मग एकदा ती अभ्र्यांना कापड घेऊन आली. बहुतेक कुणा शेजारणीने बळेच नेलं असेल बाजारात. कापड चांगलं होतं. "तरी मी म्हटलं, वाईट आहे, परत कर. का म्हटलं कोण जाणे. राग होता बहुतेक, सगळ्यावरच. तर ती तावातावाने दादरला गेली, भांडून आली आणि आल्यावर जेवली. दोन वाट्या आमटी प्यायली." मग पुढच्या वेळी ते मुद्दाम म्हणाले. आणि त्याच्या पुढच्या वेळीही. "चांगल्या कापडाला नावं ठेवली हो मी. वर्षभर. मिलमध्ये कधी खोटा दोरा बांधला नाही. घरात बांधले." डॉक्टर पोरीने काही लिहिलं नाही. पेन खाली ठेवून ऐकत होती.

परत येताना टॅक्सीत मी त्यांना सांगितलं. तू मला बजावलं होतंस, पण मी सांगितलं. म्हटलं, "बाबा, ती मुद्दाम वाईट कापड आणायची. तुमच्या हाताला काम मिळावं म्हणून. मला तिने स्वतः सांगितलं होतं." परळचा पूल आला नि गेला. "वाईट?" ते म्हणाले. "एकूण एक पीस चांगला होता." मग त्यांच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला, मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. "तिला कापडातलं कळत कुठे होतं! वाईट म्हणून शोधून शोधून आणायची बिचारी, आणि चांगलं घेऊन यायची!" टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं. बाबा हसता हसता रडायला लागले आणि खिशात रुमाल सापडेना तेव्हा मी माझी ओढणी दिली. त्यांनी डोळे पुसले, ओढणी बघितली, पण खोट काढली नाही.

तेव्हापासून मी हेच धरून बसले आहे. मला तुला विचारू दे. ते कापड कसं होतं? बाबा आत्ता खोटं बोलताहेत का, तू त्यांना फसवलंस ह्याची त्यांना लाज वाटते म्हणून? की तुला खरंच कळत नव्हतं आणि तू दुकानात उभी राहून, अगदी मन लावून, त्यातल्या त्यात खराब दिसेल ते निवडत होतीस, आणि मिलचा तपासनीस ते उजेडात धरून, कुठे खोट नाही म्हणून घामाघूम होऊन, एक तरी खोट रचत होता? मी तुम्हा दोघांना बघत होते गं. मला वाटायचं, आमच्या घरात सगळा वेळ भांडणं. मला वाटायचं, एक जण धरून ठेवतोय आणि एक लोंबकळतोय. आता कोण कोण होतं ते सांगता येत नाही, आणि जिवंत आहे त्याला विचारलं तर तो म्हणतो, तिला विचार.

त्या क्लबहाऊसवाल्या बाईंना हे कसं समजावू? तुमच्याकडे आशा नव्हती. क्षमा तर तुम्ही दोघांनी दुकानदारालाही कधी केली नाही. कृतज्ञतेचं म्हणशील, तर बाबांनी तुझ्या हातच्या जेवणाला एकदाही बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. तुमच्याकडे होता तो खट्याळ हट्ट, बरोबर ठरायचा. बाजारात जाऊन भांडायची हौस. आणि समोरचा माणूस सुकत चाललाय हे दिसणारे डोळे, ज्यांनी तुम्ही स्वतःकडे मात्र कधी बघितलं नाहीत. ह्यावर टाळ्या वाजवत नाहीत. ह्यावर माझं निभावलं असतं का, मला माहीत नाही. मला खोट काढता येते, ती त्यांच्याकडूनच आली आहे, पण ती मी अनोळखी लोकांसाठी काढते. समोर बसलेल्या माणसाला जगवायला ती कशी वापरायची, हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. आणि तुझ्यावर ह्यासाठी राग आहे, की तू आधी गेलीस. त्यांना जगवायचं काम अर्धं टाकून गेलीस. तू असतीस तर एव्हाना ह्या टॉवरच्या पडदेवाल्याशी तुझी हाणामारी झाली असती.

बाबा बरे झाले असं मी लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत. चांगले दिवस येतात, आणि मग भिंतीकडे तोंड केलेला एखादा दिवस येतो. समोरच्या बाई मधूनमधून हाक मारतात, "काका, जरा हे बघता?" आणि ते कधी जातात, कधी ऐकू न आल्यासारखं करतात. सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत जाते आणि विचारते. पहिल्या पहिल्यांदा जीभ वळायची नाही. आता येतं. "आज?" आणि ते कधी म्हणतात, "आलं होतं, गेलं." कधी म्हणतात, "आहे थोडं, बस जरा." मग मी पलंगाच्या कडेवर बसते. बोलत काहीच नाही. मला, जिला गप्प बसण्याचे पैसे कुणी कधी दिले नाहीत, गप्प बसता यायला लागलंय.

आज सकाळी मी विचारलं तेव्हा ते उठून बसलेलेच होते. म्हणाले, "आज नाही." मग त्यांनी कप घेतला, फुंकर घातली, आणि माझ्याकडे नीट बघून, जसं कापडाकडे बघतात तसं बघून म्हणाले, "आणि तुझं काय?"

"माझं काय?"

"तुला येतं का मनात?"

मी म्हटलं, "बाबा, चहा निवतोय." आणि स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून उभी राहिले.

त्यांना मी उत्तर दिलं नाही, तुला देते. मरावंसं नाही वाटत, आये. पण फार थकले आहे, आणि हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा इतकं बरं वाटलं की उद्या ते विसरून तर जाणार नाहीत ना, ह्याच काळजीत मी सकाळपासून आहे.